ह्यांचा सुपरचार्जर

आमच्या ह्यांच्या डोक्यात गाडी शिरली ती माझ्या नोकरीपायी, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, नवऱ्याला उभा-आडवा घेते! घेतेच मी. तेव्हा घ्यायला हवं होतं तेवढं घेतलं नाही, हीच तर चूक झाली.

पेट्रोल एकाएकी महागलं ते साल. मी मास्तरणीचा कोर्स करून दोन वर्षं घरात बसले होते. घरात म्हणजे भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या एका खोलीत, जिथे भिंतीपलीकडे कापडाचे बारा लूम आणि भिंतीअलीकडे मी, हे आणि सासूबाई. त्या खटखटाटात आम्ही तिघंही ओरडूनच बोलायचो. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, ह्यांच्यात भांडण चाललंय. आणि पुष्कळदा चाललेलंही असायचं.

एके दिवशी जिल्ह्याच्या यादीत माझं नाव लागलं. नेमणुकीचा हुकूम दिवाळीनंतर हातात येणार होता, पण तालुका आणि शाळेचं गाव कळलं. वाड्याच्या पुढे, घाट चढून वर. मला काय, मी चंद्रावर पाठवलं असतं तरी गेले असते! माझ्या माहेरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आईनं दुसऱ्यांची धुणी धुऊन मला शिकवलं होतं. आणि मी इथे तांदळातले खडे निवडत बसलेली.

पण सासूबाई अडून बसल्या. त्या मूळच्या अंजूरच्या, शेतावर राबलेल्या, बोलायला रोखठोक. "एवढ्या रानात सून धाडायची? लोकं काय म्हन्तील? आठवड्याला घरी दिसली पायजे. न्हायतर नको ती नोकरी."

आता आठवड्याला यायचं कसं? वर जाणारी बस एकच, सकाळी सातची. तीच दुपारी बाराला उलटी फिरायची. शनिवारी शाळा सुटणार साडेअकराला, आणि शाळेपासून बसच्या गावापर्यंत तासाभराची पायवाट. म्हणजे बस कायमची चुकणार. मी म्हटलं, महिन्यातनं एकदा येईन रजा टाकून. सासूबाई म्हणाल्या, न्हाय. मी रडले. त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हा हे मधे पडले. म्हणाले, "आये, शनवारी मी आणीन तिला. सोमवारी पोचवीन. शब्द दिला."

"कशानं आणशील? खांद्यावर?"

"गाडीनं," हे म्हणाले.

मला हसू आवरेना. आमच्या दारात सायकल होती, तिलाही मागचा ब्रेक नव्हता.

हे लूमवर जॉबर होते. भिवंडीबाहेरच्यांना सांगते, जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा. विणकर विणतो, पण धोटा अडकला, गिअर सटकला, पट्टा घसरला की हाक जॉबरला. ह्यांच्याकडे चोवीस लूम होते. हात इतका चलाख की चालत्या लूमवर तुटलेला धागा अंगठा आणि दोन बोटांत धरून गाठ मारायचे, आणि पाहणाऱ्याला गाठ दिसायचीसुद्धा नाही. लूम बंद करून दुरुस्ती करणारा जॉबर म्हणजे त्यांच्या लेखी शिकाऊ. "मशीन बंद म्हंजे कापड बंद," हे वाक्य मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकलंय की माझ्या स्वप्नातही मशीन बंद पडत नसे.

ह्यांच्या शेठच्या आवारात, शेडखाली, एक विलायती गाडी पडून होती. गोल बोनेट, मोठे दिवे, आतल्या गाद्यांवर कोंबड्या बसायच्या. पेट्रोल महागल्यावर शेठनं तिच्याकडे बघणंच सोडलं. ह्यांनी सहा शुक्रवार, म्हणजे लूमच्या सुट्टीचे दिवस, शेठचे जुने लूम खोलून बसवून दिले आणि त्या बदल्यात ती गाडी ढकलत घरी आणली. गल्लीतली माणसं टाळ्या वाजवत मागे. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी दारात कपाळाला हात लावून उभी.

मैलांचा काटा बघितला तर चाळीस हजार. मी म्हटलं, बरी आहे की, फार चाललेली नाही. ह्यांनी काट्यावर फडकं मारलं. मग शेठच्या ड्रायव्हरनं सांगितलं की काटा एकदा शंभर हजाराचा फेरा पुरा करून पुन्हा शून्यावरून निघालाय. म्हणजे एक लाख चाळीस हजार मैल! एवढ्यात माणूस चालून थकून निवृत्त होतो.

सपाट रस्त्यावर ती चालायची, नाही असं नाही. शेजारच्या कोन गावापर्यंत जाऊन यायची. मागे असा निळा धूर सोडायची की गल्लीत डास उरले नाहीत, तेवढा एकच फायदा. पण एका शुक्रवारी हे तिला घाटाकडे घेऊन गेले, पहिल्या वळणावर ती फुस्स करून बसली आणि बैलजोडी लावून खाली आणावी लागली.

कोनच्या गॅरेजात एक म्हातारा मिस्त्री होता. त्यानं बोनेट उघडलं, कान लावला, तेलाचं झाकण काढून त्यातनं येणारी वाफ बघितली. मी मुद्दाम बरोबर गेले होते, म्हणून त्यानं माझ्याकडेच बघून सांगितलं, "भाभी, इंजन अंदर से घिस गया है. रिंग गया, बोर गया. दम ही नहीं पकडता. इसको खोलके बोर कराओ, नया रिंग डालो, फिर चढेगी."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"महिना पकडो."

झालं. महिनाभर गाडी खोलून ठेवायची म्हटल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी घरचं माणूस इस्पितळात ठेवायला सांगितलंय. खोलणं म्हणजे बंद करणं. आणि बंद करणं ह्यांच्या धर्मात नाही.

त्याच सुमारास ह्यांचा एक लांबचा भाऊ मुंबईला जहाजं तोडण्याच्या कामावर होता, तो भेटायला आला. त्यानं सांगितलं की मोठ्या इंजिनांना एक यंत्र लावलेलं असतं, ते इंजिनात हवा जबरदस्तीनं कोंबतं. जास्त हवा गेली की जास्त पेट्रोल जळतं, जास्त पेट्रोल जळलं की जास्त ताकद. त्याला म्हणतात सुपरचार्जर. आणि तोडलेल्या एका बोटीच्या छोट्या इंजिनावरचं असं यंत्र भंगारात पडलंय.

मला त्या भावाच्या चहात मीठ घालायला हवं होतं.

आठवड्यानं तो सुपरचार्जर घरी आला. गोणपाटात गुंडाळलेला, बिडाचा, दोन माणसांना उचलेना. आत दोन डमरूसारखे लोखंडी गोळे एकमेकांत अडकून फिरायचे. हातानं फिरवला की एका तोंडातून हवा ओढायचा आणि दुसऱ्यातून फुंकायचा. सासूबाईंनी तोंडापाशी हात धरून बघितला आणि म्हणाल्या, "भाता हाय की हा, लव्हाराचा." शेवटपर्यंत त्या त्याला भाताच म्हणत. हे चिडायचे. "आये, भाता न्हाय. सुपरचार्जर!" असं काही दाबून म्हणायचे, की जणू सरकारनं पदवीच दिलीय.

पुढचे दोन महिने मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. रेशनचं रॉकेल, जे मी रांगेत तीन तास उभी राहून आणायची, त्यात ह्यांनी सुपरचार्जर आंघोळ घालून काढला. स्टोव्ह कोरडा, आणि भाता चकचकीत! माझी पितळी परात इंजिनाच्या तेलासाठी गेली. जुनी नऊवारी पुसायला गेली. एकदा मी पोळ्या करताना हे आले आणि पोळपाटावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर नटबोल्ट मांडून बसले. मी लाटणं उगारलं. म्हणाले, "अगं, कोनासाठी चाललंय हे? तुझ्यासाठीच ना?"

हे एक हत्यार होतं त्यांच्याकडे. तुझ्यासाठीच ना! ह्यावर बोलायचं काय? रागावलं तर मी कृतघ्न, नाही रागावलं तर मी खुळी.

मी एकदा मिस्त्रीकडे एकटी गेले. म्हटलं, तुम्हीच समजवा ह्यांना. मिस्त्री हसत सुटला. "भाभी, बूढे आदमी के मुँह में जबरदस्ती हवा भरोगे तो दौडेगा क्या वो? फटेगा." मी घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितला. हे म्हणाले, "त्याला लूममधलं काय कळतं?"

"अहो, पण ही गाडी आहे! लूम नाही!"

"पट्टा हाय ना? पुली हाय ना? मग झालं."

हेच तर ह्यांचं गणित. जगात जे जे फिरतं ते पट्ट्यानं आणि पुलीनं फिरतं. लूम सावकाश चालतोय? पुली बदला. सुपरचार्जर कमी फुंकतोय? पुली बदला. निजामपुऱ्यातल्या लेथवाल्या खराद्याकडून पुली करून आणली, इंजिनाच्या पुढच्या टोकाला बसवली आणि तिथून सुपरचार्जरपर्यंत लूमचाच चामडी पट्टा लावला, दोन टोकं लोखंडी चापांनी जोडलेला. कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते ते भांडं, मूळ जागेवरून काढून सुपरचार्जरच्या तोंडावर नेऊन बसवलं. हे सगळं बोनेटमध्ये मावेना, तर बोनेटला चौकोनी भोक पाडलं. गाडी समोरून बघितली की वाटायचं, हिच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय आणि टाके घालायला डॉक्टर विसरलाय.

आणि सांगायला मला लाज वाटते, पण ती चालली! पहिल्याच दिवशी कोनच्या रस्त्याला अशी उधळली की मी दोन्ही हातांनी दार धरून बसले. हे गाणं म्हणायला लागले. तीन मैल. मग इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग फाटलं आणि पांढऱ्या वाफेत आम्ही दोघं नाहीसे झालो. नवं पॅकिंग घातलं, ते दोन शुक्रवार टिकलं. तिसरं ह्यांनी स्वतः कापून दुहेरी केलं.

पट्टा घसरायचा, ही दुसरी डोकेदुखी. म्हातारं इंजिन तेल ओकायचं, ते तेल पट्ट्यावर उडायचं आणि पट्टा नुसताच पुलीवर सळसळायचा. पण ह्यावर ह्यांच्याकडे जॉबरचं पिढीजात औषध होतं, राळ. लूमचा पट्टा घसरला की चालत्या पट्ट्याला राळेचा खडा लावायचा, तिचा भुगा पट्ट्याला चिकटतो, पट्टा पकड घेतो. दुसऱ्यांचे नवरे खिशात पानाची डबी बाळगतात, ह्यांच्या खिशात राळेची डबी. शर्ट धुताना माझे हात चिकट होऊन जायचे. गाडीच्या पट्ट्यालाही हे तेच करायला लागले. बोनेट उघडायचं, इंजिन चालू, आणि हात घालून खडा टेकवायचा. पिवळी धूळ उडायची.

मिस्त्रीनं मागाहून मला समजावलं, म्हणून आज सांगू शकते. ती धूळ उडून कुठे जात होती? शेजारीच हवा ओढायला आ वासून बसलेल्या कार्बोरेटरच्या तोंडात. लूमवर राळ हवेत उडाली तर फार तर माणसाला शिंक येते. इथे ती पेट्रोलमध्ये विरघळून आतल्या पडद्याला, म्हणजे पेडल दाबलं की उघडतो आणि सोडलं की मिटतो त्या झाकणीला, डिंकासारखी लागत होती. पेडल जड झालंय, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. हे म्हणायचे, "नवीन हाय अजून, सैल होईल." दुनियेत एवढे मेकॅनिक झाले, पण गाडीच्या नाकात राळ घालणारा माझाच नवरा निघाला!

दिवाळीनंतर हुकूम आला. सोमवारी दुपारी बाराच्या आत तालुक्याच्या कचेरीत हजर व्हावे, हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजून यादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल. मी तो कागद इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला.

मी सरळ सांगितलं, "पहिल्या दिवशी मी बसनं जाणार. सातची धरली की साडेअकराच्या आत तिथे. तुमची गाडी पुढच्या शनिवारी दाखवा."

हे राळेची डबी हातात फिरवायला लागले. नुसते खाली बघत बसले. मग सासूबाईच म्हणाल्या, "दोन महिने मेलाय तो त्या भात्यापायी. बस जा की गाडीत. मीबी बघते, कशी आनतो नि कशी नेतो ते." म्हणजे त्या परीक्षाच घेणार होत्या. गाडी चढली तर माझी नोकरी राहील, नाही चढली तर शनिवारी कशानं येणार, हा सवाल पुन्हा उभा. माझ्या नोकरीची दोरी एकीकडून बाराच्या ठोक्याला आणि दुसरीकडून त्या भंगाराला बांधलेली. मी पाय आपटले. पण बसले गाडीत. बसले, हे माझं मी केलं.

सहाला निघालो. मागच्या सीटवर माझी ट्रंक, स्टोव्ह, वळकटी. वाड्यापर्यंत दोनदा पाणी भरायला थांबलो, एकदा पट्ट्याला राळ लावायला. मी घड्याळ बघायची आणि हे मला बघू देईनात. "रस्त्याकडं बघ. कशी हवा हाय!" हवा कसली, निळा धूर.

घाट लागला तेव्हा दहा वाजायला थोडी मिनिटं होती. आणि ती चढायला लागली. खरंच सांगते, पहिलं वळण जिथे बैल लावावे लागले होते, तिथून ती गुरगुरत वर गेली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काय तो चेहरा! दोन महिन्यांचा माझा सगळा राग त्या एका क्षणी उतरला. मी म्हटलं, "आहे बाई, आहे तुमच्या भात्यात दम." आणि ह्यांनी भाता शब्दसुद्धा चालवून घेतला.

तिसऱ्या वळणावर पट्टा घसरला.

इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. हे डाव्या हाताला डोंगराकडे गाडी घेऊन थांबले. मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. ह्यांनी बोनेट उघडलं, खिशातनं डबी काढली.

"आधी बंद करा हो इंजिन!"

"बंद पट्ट्याला राळ लागत न्हाय. चालत्यालाच लावायची अस्ते."

"घाटात आहोत आपण. पाच मिनिटं बंद केलं तर काय जातं?"

"बंद केलं आन् पुन्हा चालू झालं न्हाय तर? बारा वाजायचेत ना तुला?"

पुन्हा तेच हत्यार. मी मागे सरले. त्यांनी उजव्या हातात खडा धरून पट्ट्याला टेकवला, आणि पट्टा जोरात फिरावा म्हणून डाव्या हातानं कार्बोरेटरची दांडी ओढली. दांडी ओढली ती परत आलीच नाही. आतली झाकणी राळेत चिकटून उघडी राहिली. इंजिन किंचाळलं. पट्ट्याची ती लोखंडी चापांची जोड भर्रकन आली आणि ह्यांचा हात पुलीकडे ओढला गेला.

त्यांनी हात सोडवून घेतला. इंजिन किंचाळतच होतं. मी आयुष्यात कधी त्या गाडीच्या चावीला हात लावला नव्हता. खिडकीतून अर्धी आत घुसून मी ती फिरवली. बंद झालं. एवढं सोपं होतं ते बंद करणं! एवढं सोपं, आणि ह्या माणसाला आयुष्यात जमलं नाही.

मी पंचा घेऊन धावले. त्यांनी हात छातीशी धरलेला. मला बघू देईनात. स्वतःच डाव्या हातानं पंचा गुंडाळला. "कातडं गेलंय थोडं. काय न्हाय." ओठ पांढरे पडलेले.

"थोडं? हे थोडं? किती सांगितलं, किती ओरडले, एक शब्द ऐकाल तर शपथ! दगडाला सांगितलं असतं तर दगड बाजूला सरला असता!" मी रडत होते आणि भांडत होते. हे डोंगराला टेकून उभे, डोळे मिटून.

तेवढ्यात खालून बसचा आवाज आला. सातची बस. जिनं मी सकाळीच सुखानं आले असते, तीच. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. कंडक्टरनं ट्रंक टपावर टाकली, ह्यांना पुढची सीट दिली. गाडी तिथेच राहिली, बोनेट उघडं.

बसमधून उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कचेरी स्टँडच्या समोरच. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, मैलभर. पंच्यातून लाल ओल बाहेर आली होती.

मी म्हटलं, "आधी दवाखान्यात चला."

"आधी हजर हो. बारा वाजतील."

"मग तुम्ही पुढे व्हा. मी येते मागनं."

ते दोन पावलं चालले आणि भिंत धरून उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. एकटं सोडण्यासारखे नव्हते.

"चला, दोघं दवाखान्यातच जाऊ," मी म्हटलं.

"कागद दे तुझा आधी. मी बसतो हितं बाकावर."

मी दोनदाच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. खरं तेच सांगायचं तर मला तो कागद द्यायचा होता. आईचे साबणानं फुटलेले हात डोळ्यांपुढे होते, आणि पंच्याच्या आत काय झालंय ते मी बघितलं नव्हतं. बघितलं नव्हतं म्हणून थोडंच असेल, असं मी मानून घेतलं. सोयीचं होतं ते मला.

कचेरीत साहेब नव्हते. एका शाळेवर गेले होते. कारकून म्हणाला, बसा, येतीलच. बसलो. सव्वाअकरा. साडेअकरा. हे बाहेरच्या बाकावर मान मागे टाकून. मी आत-बाहेर करत होते. अकरा चाळीस. कारकुनानं एक हमीपत्र पुढे केलं, की शाळेच्या गावातच राहीन, त्याखाली साक्षीदाराची सही हवी. मी बाहेर नेलं. ह्यांनी डाव्या हातानं सही केली, लहान मुलासारखी वेडीवाकडी. कारकुनानं दारातून वाकून विचारलं, "डावखुरे का?" हे म्हणाले, "व्हय."

बाराला सात मिनिटं कमी असताना साहेब आले. मी हजर झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पंचा सोडला तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं. डॉक्टर तरुण होते, शांत. बराच वेळ त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, मग म्हणाले, ही दोन्ही काढावी लागतील. ज्या बोटांनी हे धागा धरून गाठ मारत, नेमकी तीच. जॉबरची ती बोटं गेली म्हणजे जॉबरच गेला. हे मला कळलं आणि ह्यांनाही कळलं.

डॉक्टर कागदावर लिहायला बसले. "कधी लागलं?"

"धा वाजता," हे म्हणाले.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मग चिडूनच म्हणाले, "दहा वाजता लागलं आणि आत्ता येताय? अशा जखमेत एकेक मिनिट मोलाचं असतं. बस केव्हाच आलीय गावात. इतका वेळ होतात कुठे?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. खरंच सांगणार होते.

पण ज्या माणसानं त्या गाडीला दोन महिने कुणाला नाव ठेवू दिलं नव्हतं, आईचं भाता म्हणणंही ज्याला खपलं नव्हतं, त्यानं माझ्याकडे न बघता डॉक्टरांना सांगितलं, "गाडी बंद पडली व्हती, सायेब. भंगार हाय ती. हिचा काय दोष न्हाय."